हॉल शिल्लक, खेळ वजा

ग्लासगोच्या राष्ट्रकुल खेळांचा मुहूर्त २३ जुलै ते २ ऑगस्ट २०२६, आणि त्यात बॅडमिंटन नाही. त्या दिवसांत रिठदमध्ये सोयाबीनच्या फवारणीची धांदल असते, त्यामुळे गावाचं तसं काही अडत नव्हतं. पण पारावर बातमी मोठ्यानं वाचली गेली आणि आबांनी कान टवकारले. "काढलं? कोनं काढलं? पंचनामा झाला का?"

पंचनामा आम्हीच केला. खर्चाचा आकडा पाहून ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं २०२३ मध्ये यजमानपदातून अंग काढून घेतलं. मग ग्लासगो पुढं आलं, पण चार जागा आणि दहा खेळ एवढ्यावरच बोलणी झाली. हॉकी, कुस्ती, टेबल टेनिस, क्रिकेट, स्क्वॉश, बॅडमिंटन, सगळे घरी. २०२२ साली बर्मिंगहॅममध्ये भारताला मिळालेल्या ६१ पदकांपैकी ३० याच सहा खेळांतली होती. इतका नेमका पात्र माणूस वगळणारी यादी आम्ही आजवर फक्त घरकुलाची पाहिली होती.

बरं, जागा नव्हती म्हणावं तर तसंही नाही. ग्लासगोच्या एमिरेट्स अरीनात २०१४ साली याच राष्ट्रकुल खेळांत पारुपल्ली कश्यपनं सुवर्ण जिंकलं. सय्यद मोदीनंतर ३२ वर्षांनी पुरुष एकेरीचं सुवर्ण भारतात आलं. त्याच छपराखाली २०१७ च्या जागतिक स्पर्धेत सिंधू आणि ओकुहारा ११० मिनिटं झुंजल्या. ती इमारत जागेवर आहे, २०२६ च्या चार जागांतही आहे. फक्त तिथं बॅडमिंटन होणार नाही.

हे वाचून आम्हाला परकं असं काही वाटेना. हॉलमध्ये खेळच व्हावा हा हट्ट आपण केव्हाच सोडलाय. आपल्याकडं क्रीडा संकुलाचं भूमिपूजन होतं, उद्घाटन होतं, मग कुलूप लागतं. ते मतमोजणीला उघडतं. फुलांच्या जागी हारतुरे उडतात आणि निकालही लागतो, म्हणजे स्पर्धा झालीच म्हणायची.

गंमत अशी की या खेळाचे नियम १८७०च्या दशकात पुण्यात गोऱ्या अंमलदारांनी बसवले. खेळाला तेव्हा 'पूना'च म्हणत. पुढं तो विलायतेत एका ड्यूकच्या बॅडमिंटन नावाच्या वाड्यावर गेला आणि वाड्याचं नाव लावून बसला. पुण्यानं अजून पाटी लावून निषेध कसा केला नाही, याचं आम्हा वऱ्हाडी माणसांना नवल वाटतं.

"पन या खेळात काई भानगड झाली असंल," आबांना संशय. झाली होती, पण ऑलिम्पिकमध्ये. २०१२ साली लंडनला महिला दुहेरीच्या चार जोड्या मुद्दाम हरायला लागल्या. पुढं सोपा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून सर्व्हिस जाळ्यात आणि फटके बाहेर. एक चीनची, दोन कोरियाच्या, एक इंडोनेशियाची. चारही जोड्यांना बाद केलं. हे ऐकून पारावरचे दोन माजी उमेदवार अस्वस्थ झाले. दुसऱ्याची मतं खायला उभं राहायचं आणि मनापासून हरायचं, यावर आपल्याकडं उभे संसार चालतात. तिकडं त्याला गुन्हा म्हणतात!

शिवाय बॅडमिंटनवाल्यांना मान मागून घ्यावा लागतो, हेही जुनंच. मे २०२२ मध्ये भारतानं १४ वेळच्या विजेत्या इंडोनेशियाला ३-० नं हरवून थॉमस करंडक आणला. संघात मुंबईचा चिराग शेट्टी होता. पुढच्या वर्षी सात्विकसाईराजसोबत त्यानं हांगझोच्या आशियाई खेळांत सुवर्णही घेतलं, बॅडमिंटनमधलं देशाचं पहिलं. २०२४ मध्ये टी-ट्वेंटी विश्वविजेत्यांना राज्य सरकारनं ११ कोटी जाहीर केले, विधान भवनात सत्कार झाला. तेव्हा चिरागला जाहीरपणे आठवण करून द्यावी लागली की थॉमस करंडकही विश्वचषकाच्याच तोलाचा. चूक त्याचीच. करंडक जिंकला, पण अधिवेशनाची तारीख पाहून जिंकला नाही.

२०३० चे राष्ट्रकुल खेळ अहमदाबादला आहेत. तिथं पदकाचे खेळ बघून बघून घेतील, असा पाराचा अंदाज. पण आबांना चार वर्षं थांबायचं नाही. बॅडमिंटन यंदाच रिठदला भरवा, असं त्यांचं म्हणणं. आम्ही वाऱ्याची अडचण सांगितली. इथं एक फटका मारला की फूल तुरीत जातं आणि ते शोधताना दोघं खेळाडू बांधावरून भांडतात.

"मंग सामना भांडनाचा ठेवा," आबा म्हणाले. "आन ग्रामसभेत ठराव घ्या."

गणपूर्तीचं काय, असं कुणीतरी विचारलंच. आबांनी तेही बसवून ठेवलं होतं. पहिली सभा माणसं नाहीत म्हणून तहकूब करायची; तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. दुसऱ्या सभेत आबा, शिपाई आणि ठराव. ग्लासगोवाल्यांनी अजून एवढी काटकसर केलेली नाही. त्यांना दहा खेळ तरी ठेवावेच लागले.