स्टोअरवाले काका

पुण्यात थंडी पडली की नाही, हे ठरवण्याचा अधिकार आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे आहे. बाकीची माणसं पहाटे दूध आणायला जाताना कुडकुडतात, माकडटोप्या बाहेर निघतात, गीझर लावण्यावरून घराघरांत वाद होतात. काकांच्या लेखी ही सगळी ऐकीव माहिती. ते पेपर उघडून शिवाजीनगरचा आकडा बघतात. पाषाणचा त्यांना चालत नाही. ‘पाषाण काय, नेहमीच गार असतं. तो काही पुरावा नव्हे.’ निफाडचा पारा कितीही घसरो, ‘ते त्यांचं ते बघतील.’ १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं आणि शिवाजीनगरातली त्याची दगडी इमारत ‘सिमला ऑफिस’ झाली. थंडीच्या बाबतीत शब्द चालेल तर तिचाच, असं त्यांचं मत आहे. तर त्या सिमला ऑफिसने बारा अंशांच्या खालचा आकडा दिला, की काका पेपरची घडी घालतात, चष्मा खिशात टाकतात आणि आत वर्दी देतात.

‘अगं, आज सूप.’

आतून उत्तर येत नाही. एखादं भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज येतो, तेवढाच.

काका पिंपरीकडच्या एका कारखान्यात स्टोअर्स खात्यात होते. बेअरिंग, वॉशर, ग्रीसचे डबे, हातमोजे यांचा हिशेब ठेवण्यात त्यांची हयात गेली. प्रत्येक खणाला बिन कार्ड, आत आलेल्या प्रत्येक खोक्याला जीआरएन, आणि वर्षातून एकदा आख्ख्या गोदामाची मोजदाद. मग निवृत्ती आली. हारतुरे झाले, घड्याळ मिळालं, आणि दुसऱ्या दिवशी काकांच्या लक्षात आलं की आता आपल्याला मोजायला जगात एकच गोदाम उरलं आहे आणि त्याचा ताबा काकूंकडे आहे.

सूप हा त्यांनी काढलेला कायदेशीर मार्ग. एरवी काकू त्यांना ओट्याजवळ फार वेळ उभं राहू देत नाहीत. पाणी पिऊन झालं की ‘झालं ना? सरका आता.’ पण ‘घरात आहे त्यातूनच करायचं, बाजारातून काडीसुद्धा आणायची नाही’ असं म्हटलं की काय आहे ते बघावं लागतं, आणि बघायचं म्हणजे मोजावं लागतं. सकाळी नऊला काका स्टूल, टॉर्च आणि लाल कापडी पाठीचं एक रजिस्टर घेऊन हजर होतात. वरच्या फळीवरचे डबे एकेक करून डायनिंग टेबलावर उतरतात. वेलची असं लिहिलेल्या डब्यात मसूर निघते, चहाच्या डब्यात हुलगे, आणि ‘मसूर’ अशी ठसठशीत चिठ्ठी लावलेल्या डब्यात शिवणाचे दोरे. डब्यावर लिहिलंय तेच डब्यात आहे असं मराठी स्वयंपाकघर अजून बांधलं जायचं आहे, असं माझं मत आहे. काकांचं मत याहून बरंच कडक आहे.

त्या फळीवर त्या घराचा इतिहास सापडतो. कोणाला तरी मूतखडा झाला तेव्हाचे जव. कोणाचा तरी कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आला तेव्हाचे ओट्स, त्या रिपोर्टइतकेच जुने. नातू मे महिन्यात येऊन गेला तेव्हाची अर्धी पिशवी मॅकरोनी. चतुर्थीचा उरलेला पाव वाटी साबुदाणा. कोकणातल्या वन्संनी पाठवलेले हुलगे, जे दर पाठवणीला ‘अगदी घरचे आहेत हो’ म्हणून येतात आणि घरच्यांसारखेच मुक्काम ठोकतात. काका हे सगळं तीन रांगांत लावतात. तूरडाळ, तांदूळ हे फास्ट मूव्हिंग. त्यांना हात लावायचा नाही. मसूर, जव स्लो मूव्हिंग. आणि उरलेलं नॉन-मूव्हिंग. हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज खाली येतो.

‘हे हरभरे बघ. नॉन-मूव्हिंग. दोन वर्षं जागचे हलले नाहीत.’

काकूंनी वाकून पाहिलं. टोके झाले होते.

‘अहो, चांगले हलतायत की.’

काकांची आवडती वाक्यं दोन. एक ‘संपायला हवं,’ आणि दुसरं ‘फर्स्ट इन, फर्स्ट आउट.’ म्हणजे जो माल आधी आला तो आधी बाहेर. हा नियम ते डाळींना लावतात, लोणच्यांना लावतात, आणि एकदा सोसायटीच्या पार्किंगलाही लावायला निघाले होते.

या सगळ्याला परदेशाची जोड मिळाली ती मुलगी मिलानला गेल्यावर. तिच्या बाळंतपणाला काकू गेल्या आणि काकूंबरोबर काका गेले. ऐन हिवाळा. तीन महिने खिडकीतून ट्राम बघणे आणि बाळ झोपलं की दबक्या आवाजात बोलणे, एवढाच उद्योग. तिथे एका संध्याकाळी मुलीने मिनेस्त्रोने केलं. कांदा, गाजर, बटाटा, कोबी, राजम्याचे चुलतभाऊ शोभतील असे ठिपक्यांचे दाणे आणि मूठभर तांदूळ. मिलानकडे त्यात तांदूळ घालतात. त्यात तिने पार्मेजान चीजची टणक साल टाकली. चीज केव्हाच किसून संपलं होतं, पण साल तिने जपून ठेवली होती. काका सांगतात, ‘मी म्हटलं, बाई, हे काय? तर म्हणते, बाबा, इथे कोणी साल फेकत नाही, सूपला दाटपणा येतो.’ साल! फेकत नाहीत! रोम, व्हेनिस, पिसाचा मनोरा हे काकांनी नंतर पाहिलं, पण इटलीबद्दलचा आदर त्या सालीपाशीच पक्का झाला होता.

काकूंचं मत विचारलं तर त्या म्हणाल्या, ‘डाळ, तांदूळ, भाज्या एका पातेल्यात. आपण आजारी माणसाला देतो ते.’

भोगीच्या भाजीचा विषय निघाला की हा वाद दरवर्षी नव्याने होतो. काकूंच्या मते भोगीला आपण हेच करतो. वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा, वाटाणा, वर तिळाचं कूट, सोबत बाजरीची भाकरी. ‘फक्त आम्हाला ते रजिस्टरमध्ये लिहावं लागत नाही.’ काकांना हे मान्य नाही. भोगीची भाजी ताज्या मालाची, सूप शिलकी मालाचं. शिलकीचा त्यांचा उत्साह इतका, की एका संक्रांतीनंतर सुगडांतली गाजरं आणि हरभरे सूपमध्ये गेले. बोरंही जाणार होती. काकूंनी ती हातातून काढून घेतली आणि त्या दिवशी सूपचं नाव पुन्हा निघालं नाही.

करण्याचा समारंभ ‘तुम्ही कोणी काही करायचं नाही’ या घोषणेने सुरू होतो. हे वाक्य ऐकलं की घरातली माणसं निमूटपणे कामाला लागतात. काकू कांदा चिरतात, लसूण सोलतात, गाजरं किसतात, लग्नात आलेलं मोठं पातेलं माळ्यावरून काढून घासतात. काका सूप करतात. म्हणजे ओट्यापुढे खुर्ची घेऊन वेळापत्रक बनवतात. एक वाजता डिस्पॅच, हे पक्कं. मग उलटं मोजायचं. जवाला पाऊण तास, मसुरीला वीस मिनिटं, मॅकरोनीला दहा, आणि ती सगळ्यात शेवटी, नाहीतर फुगून पातेलंभर होते. राजमा असेल तर तो आदल्या रात्री भिजलेला हवा आणि निदान दहा मिनिटं खळखळून उकळलेला हवा, कच्चट राहिला तर पोटाचे हाल करतो. हे त्यांना आता तोंडपाठ आहे. पहिल्या वर्षी नव्हतं. त्या वर्षी त्यांनी राजमा आणि टोमॅटो एकदमच पातेल्यात घातले होते. दोन तास झाले, अडीच झाले, राजमा वाडग्यात पडताना वाजायचा. काका गॅसच्या दाबाला दोष देत राहिले, मग पाण्याला, मग राजम्याच्या पुरवठादाराला. शेवटी काकू म्हणाल्या, ‘आंबट आधी घातलं की कडधान्य शिजत नाही. आमटीत कोकम शेवटी का घालतात?’ काकांनी हे लिहून घेतलं. हल्ली ते हे सगळ्यांना समजावून सांगतात, काकूंनासुद्धा.

साडेबाराच्या सुमारास काका चव बघतात आणि ‘अजून मुरायला हवं’ म्हणत शेजाऱ्यांना वर्दी द्यायला जिना उतरतात. तेवढ्यात काकू पळीत तूप तापवून त्यात भरपूर लसूण लाल करतात, फोडणी सूपवर ओततात, चार मिरे ठेचून टाकतात, अर्धं लिंबू पिळतात. काका परत येतात, पुन्हा चव बघतात. ‘बघ. मुरलं की चव कशी येते!’ काकू हो म्हणतात. आख्ख्या बिल्डिंगला त्या फोडणीचा वास खालपर्यंत आलेला असतो.

आणि खरं सांगायचं तर ते सूप फार चांगलं लागतं. मसूर विरघळून दाट झालेलं, जव दाताखाली येणारे, वर मिऱ्याचा झटका. सोबत काकू शिळी भाकरी तव्यावर कडक करून देतात. पहिला चमचा तोंडात गेला की काका आर्तुसीची गोष्ट काढतात. हा पाहुण्यांचा ठरलेला भोग आहे. पेलेग्रिनो आर्तुसी म्हणजे १८९१ साली इटालियन स्वयंपाकाचं प्रसिद्ध पुस्तक लिहिणारा गृहस्थ. १८५५ साली तो लिव्होर्नो गावात उतरला, एका खाणावळीत मिनेस्त्रोने जेवला आणि रात्रभर पोट धरून तळमळला. त्या सूपला त्याने मनसोक्त शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी त्याने फ्लॉरेन्स गाठलं आणि मग बातमी आली, लिव्होर्नोत कॉलरा आला आहे आणि ज्याच्या घरी हा राहिला होता तो मालकच त्यात गेला. ‘म्हणजे सूप निर्दोष!’ काका टेबलावर हात आपटतात. ‘आणि पुस्तकात त्याने मिनेस्त्रोनेची कृती दिलीच. घ्या ना, थांबलात का?’

जेवणं झाली की वाटप. दुधाच्या किटल्या, स्टीलचे डबे, एखादी बरणी. पहिल्या मजल्यापासून वॉचमनच्या खोलीपर्यंत. इथेच काकांच्या हिशेबाला भगदाड पडतं. आपल्याकडे शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून डबे भरून वर येऊ लागतात. जवसाची चटणी, कुळथाचं पीठ, उडदाचे पापड, गावाकडचे पावटे. महिनाअखेर फळीवर आधीपेक्षा जास्त माल असतो. काकू म्हणतात, ‘यांचं संपवणं सुरू झाल्यापासून मला दोन डबे नवीन घ्यावे लागले.’ काका मात्र एरवी शिलकीने कष्टी होणारे, पण या नोंदी करताना त्यांचा चेहरा उजळलेला असतो. आवक, जावक, शिल्लक. रकाने भरतायत, यापरतं सुख नाही.

बिल्डिंगने याचा फायदा घेतला नाही असं नाही. कोणी न खाल्लेला नाचणीचा पास्ता पाठवला, कोणी परदेशातून आलेलं आणि कोणालाच न आवडलेलं हर्बचं मिश्रण. आमच्याकडे कोणा पाहुण्याने दिलेलं क्विनोआचं पाकीट होतं. आम्ही ते उघडून दोनदा वास घेतला होता, त्यापलीकडे आमचा संबंध आला नव्हता. सूपचा डबा घासून, पुसून, त्यात ते ओतून मी वर नेऊन दिलं. काकांनी फार आस्थेने विचारपूस केली. कुठलं, कधीचं, मूळ पाकीट आहे का. मी ते पाकीटही आणून दिलं आणि मोकळ्या मनाने खाली आलो.

परवा दुरुस्तीच्या वर्गणीसाठी वर गेलो तेव्हा रजिस्टर टेबलावर उघडंच होतं. क्विनोआ, पाऊण किलो. पुरवठादाराच्या रकान्यात माझा फ्लॅट नंबर. आणि शेऱ्यात काकांच्या सुवाच्य अक्षरात: ‘मुदत संपून चार महिने. माल नाकारला. पुरवठादारास तोंडी समज देणे.’

काका चहा घ्यायला थांबवत होते.