अंतःस्पष्टता : स्वरूप, साधना आणि साडू

स्वतःला काय हवे आहे, काय नको आहे आणि त्यांपैकी काय समोरच्याला सांगायचे आहे, याविषयी मनात संभ्रम नसण्याच्या अवस्थेस ‘अंतःस्पष्टता’ असे म्हणतात. या अवस्थेच्या प्राप्तीसाठी अलीकडे शिबिरे, रोजनिश्या, श्वसनाचे वर्ग आणि डोंगरावरील निवासी कार्यक्रम यांची मोठी व्यवस्था उभी राहिली असून, ही स्पष्टता माणसाच्या ठायी मुळात नसते आणि ती परिश्रमाने मिळवावी लागते, हे त्या व्यवस्थेचे गृहीतक आहे. प्रस्तुत मार्गदर्शिकेचे मत वेगळे आहे. प्रश्न कानावर पडताक्षणी बहुतेक प्रौढ माणसांना आपले उत्तर ठाऊक असते. त्यानंतर जी साधना सुरू होते, ती ते उत्तर तोंडातून बाहेर पडू नये यासाठी असते.

न्यायशास्त्राच्या ग्रंथांत कोणताही सिद्धांत समजावताना घटाचे, म्हणजे मातीच्या घड्याचे, उदाहरण घेण्याची रीत आहे. तिला अनुसरून या विवेचनात सर्वत्र साडूचे उदाहरण घेतले आहे. साडू म्हणजे पत्नीच्या बहिणीचा नवरा. या नात्यात मान समसमान असतो आणि तुलना अखंड चालू असते. हा साडू गणपतीच्या आठवडाभर आधी फोन करतो आणि कोकणात जाण्यासाठी पाच दिवस गाडी मिळेल का, असे विचारतो. गाडी द्यायची नाही, हे साधकाला त्याच क्षणी कळलेले असते. तरीही तो ‘बघतो, संध्याकाळपर्यंत कळवतो’ असे उत्तर देतो, फोन ठेवतो आणि आपल्या मनाचा आपल्यालाच थांग लागत नाही, असे पत्नीला गंभीरपणे सांगतो.

या स्थितीचे निदान करण्यासाठी अंतःकरणाची पारंपरिक विभागणी उपयोगी पडते. पूर्वसूरींच्या मते अंतःकरण चतुर्विध आहे: संकल्प-विकल्प करते ते मन, निश्चय करते ती बुद्धी, आठवण आणि चिंतन करते ते चित्त, आणि ‘मी’पणा वाहतो तो अहंकार. साडूच्या प्रसंगी बुद्धीचा निश्चय झालेला असतो. चित्ताला मागच्या खेपेस गाडी परत आली तेव्हाची आसनांखालची वाळू आणि डिकीत महिनाभर टिकलेला सुकटीचा वास तपशीलवार आठवत असतो. अहंकाराला सासुरवाडीत मोठ्या मनाचा माणूस म्हणून मिळालेली ख्याती सांभाळायची असते. आणि मन या तिघांच्या दारात येरझारा घालत असते. ज्याला साधक गोंधळ म्हणतो तो अज्ञानातून आलेला नसतो, कारण तिघांचेही म्हणणे अगदी स्वच्छ असते. अडचण एवढीच की फोन नेहमी अहंकारच उचलतो.

साधनेची पहिली पायरी मौन ही होय. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतील विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर चालते. तेथे पहाटे चारला घंटा होते आणि दहाव्या दिवसापर्यंत जे मौन पाळले जाते त्यात सहसाधकांशी बोलणेच नव्हे, तर खुणा करणे आणि चिठ्ठ्या लिहिणेही वर्ज्य असते. ज्यांना दहा दिवसांची रजा मिळत नाही असे गृहस्थाश्रमी साधक घरच्या घरी जे मौन पाळतात त्यास ‘अबोला’ म्हणतात, आणि या दोन मौनांची गल्लत होऊ नये म्हणून त्यांतील भेद ध्यानात घ्यावा. विपश्यनेत संपर्काची सर्व साधने बंद करून माणूस स्वतःकडे पाहतो. अबोल्यात केवळ जिभेला विश्रांती असते आणि तिचे काम भांडी, दारे, मिक्सर व आठ वर्षांचे अपत्य यांच्याकडे सोपवले जाते. ‘बाबांना सांग, पान वाढलंय’ हे वाक्य बाबा तीन फुटांवर बसलेले असताना उच्चारले गेले, तर साधना योग्य दिशेने चालली आहे असे समजावे. मात्र ती दिशा अंतःस्पष्टतेची नव्हे.

मौनाने अर्थ आपोआप निर्मळ होतो, ही समजूतही तपासून घ्यावी लागते. पवनारच्या आश्रमात विनोबा भावे यांनी डिसेंबर १९७४ मध्ये एक वर्षाचे मौन धरले. पुढे जून १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर झाली, आणि मौनातील विनोबांकडून बाहेर आलेले ‘अनुशासन पर्व’ हे दोन शब्द, जे महाभारताच्या तेराव्या पर्वाचे नाव आहे, सरकारी प्रचाराने आणीबाणीला मिळालेला आशीर्वाद म्हणून देशभर मिरवले. मौन सुटल्यावर विनोबांनी शासन सत्ताधाऱ्यांचे असते आणि अनुशासन आचार्यांचे, असा खुलासा केला. पण तोवर भिंती रंगवून झाल्या होत्या. ज्यांच्या अंतःशुद्धीविषयी कोणी शंका घेतली नसती, अशा पुरुषाच्या दोन शब्दांचे जर असे होते, तर साडूला पाठवलेल्या जोडलेल्या हातांच्या चित्राचे काय होईल, याचा साधकाने विचार करावा.

दुसरी पायरी आत्मपरीक्षणपर वाचनाची असून तिच्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांसाठी आणि दहावा पढतमूर्खाच्या लक्षणांसाठी दिला आहे. हे समास वाचताना प्रत्येक वाचकाला कार्यालयातील वरिष्ठ, वरच्या मजल्यावरचे शेजारी आणि अर्थातच साडू ओवीओवीला भेटतात, ज्यावरून ग्रंथाची प्रत अजून आरशाच्या बाजूने छापली गेलेली नाही, असा निष्कर्ष निघतो.

तिसरी पायरी वाक्यशुद्धीची. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या ग्रंथानुसार वाक्यातून अर्थबोध होण्यास तीन गोष्टी लागतात. पहिली आकांक्षा, म्हणजे एका पदाला दुसऱ्या पदाची असलेली गरज. दुसरी योग्यता, म्हणजे सांगितलेल्या गोष्टीत विसंगती नसणे, कारण ‘अग्नीने शिंपतो’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष असले तरी अग्नीने शिंपण होत नाही. आणि तिसरी संनिधी, म्हणजे पदे विलंब न लावता एकामागून एक उच्चारली जाणे, कारण ‘गाय’ आत्ता आणि ‘आण’ एका प्रहराने म्हटले तर ऐकणाऱ्याला काहीच बोध होत नाही. अन्नंभट्टाला आजच्या घरांची रचना ठाऊक नव्हती, तरी त्याचे निरीक्षण बिनचूक आहे. ज्या वाक्याचा कर्ता स्वयंपाकघरात, कर्म कुकरच्या शिट्टीखाली आणि क्रियापद बाल्कनीत कपडे वाळत घालताना उच्चारले जाते, त्यात संनिधीचा अभाव असतो. ‘पाच मिनिटांत पोहोचतो’ हे वाक्य अंघोळीला जाण्यापूर्वी उच्चारले असता त्यात योग्यतेचा अभाव असतो. आणि ‘तसं काही नाही, पण तरी म्हणजे...’ या वाक्यात आकांक्षा एवढी असते की ती ऐकणाऱ्याला रात्रभर पुरते.

वाक्य शुद्ध झाले तरी शब्दशक्तींचा प्रश्न उरतो. शब्दाचा सरळ अर्थ देणारी ती अभिधा, तो जुळत नसेल तेव्हा जवळचा अर्थ देणारी ती लक्षणा, आणि या दोहोंपलीकडचे सुचवणारी ती व्यंजना. एकच वाक्य वेगवेगळ्या श्रोत्यांना वेगवेगळे सुचवते, हे दाखवताना काश्मीरच्या मम्मटाने अकराव्या शतकातील ‘काव्यप्रकाशा’त ‘सूर्य मावळला’ या विधानाचे उदाहरण घेतले आहे: गुराख्याला गुरे घरी नेण्याची वेळ कळते, अभिसारिकेला भेटीची. मराठी मध्यमवर्गीय घरात हेच कार्य ‘साडेसात वाजले’ हे विधान करते. त्यातून मुलाला अभ्यासाला बसण्याचा, नवऱ्याला दूरदर्शनसंचाचा आवाज कमी करण्याचा, सासूबाईंना मालिका सुरू झाल्याचा आणि पाहुण्यांना चहाचा कप रिकामा होऊन बराच वेळ झाल्याचा बोध होतो; घड्याळाशी त्याचा संबंध सर्वांत कमी असतो. काव्यात व्यंजना श्रेष्ठ खरी, परंतु साधकाने गाडीसंबंधी बोलताना ती टाळावी, कारण ‘गाडी जरा जुनी झाली आहे’ या विधानातून नकार सुचवला जात असला तरी साडूला त्यातून केवळ सावकाश चालवण्याची सूचना मिळते.

सार्वजनिक जीवनातील स्पष्टतेसाठी गृहनिर्माण संस्थेची सर्वसाधारण सभा पाहावी. न्यायशास्त्र चर्चेचे तीन प्रकार मानते: तत्त्व जाणण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता केवळ समोरच्याचे खंडन करणे ही वितंडा. लिफ्टच्या दुरुस्तीसाठी वर्गणी द्यायची नाही, हे पहिल्या मजल्यावरील सभासदांना पूर्णपणे स्पष्ट असते, म्हणून ते लिफ्टविषयी काहीच न बोलता मागील सभेच्या इतिवृत्तातील शुद्धलेखनावर पाऊण तास बोलतात. या सर्व व्यवहारात निर्मळ अंतःस्पष्टतेचा एकच नमुना सापडतो, तो म्हणजे सभेची सूचना. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल आणि तेव्हा गणसंख्येची अट राहणार नाही, असे तीत लिहिलेले असते. माणसे वेळेवर येणार नाहीत हे जिला आधीच ठाऊक आहे आणि त्याबद्दल जिच्या मनात राग नाही, अशी ती सूचना स्थितप्रज्ञतेच्या फार जवळ जाते. (पुणेरी पाट्यांचा उल्लेख येथे वाचकांना अपेक्षित असेल, पण ती स्पष्टता दारावरची असते, आतली नव्हे.)

शेवटची पायरी प्रत्यक्ष उच्चाराची असून तिचा आदर्श रिक्षाचालकांनी घालून दिला आहे. स्थळ ऐकून मान एकदा आडवी हलवणे आणि निघून जाणे, या कृतीत नकार आहे, पण कारण नाही. सामान्य साधक येथेच चुकतो, कारण नकार उद्धट वाटू नये म्हणून तो त्याला कारण जोडतो, आणि कारण म्हणजे वाटाघाटीचे आमंत्रण असते. गाडी सर्व्हिसिंगला द्यायची आहे, असे म्हटल्यास साडू ती स्वतः नेऊन आणण्याची तयारी दाखवतो. विमा संपत आला आहे, असे म्हटल्यास साडूचा भाचा विमा एजंट निघतो. आपल्यालाही त्याच दिवसांत बाहेर जायचे आहे, असे म्हटल्यास मग सगळे मिळूनच जाऊ, असा प्रस्ताव येतो आणि साधकाच्या गाडीबरोबर साधकही जातो. म्हणून ‘गाडी देता येणार नाही’ एवढेच वाक्य उच्चारावे आणि पूर्णविरामानंतर जी शांतता पसरते तीत काहीही टाकू नये. ही शांतता चार-पाच सेकंदांचीच असते, परंतु आजवरचे बहुसंख्य साधक तिच्यातच पतन पावले आहेत.

जे टिकतात त्यांना असे आढळते की साडू ‘बरं, हरकत नाही’ असे म्हणून पावसाविषयी बोलू लागतो. त्याच्या ठायीही तीच चार अंतःकरणे असतात, नकार मिळणार हे त्याच्या बुद्धीलाही ठाऊक असते, आणि आणखी दोघांना विचारून झाल्यावरच त्याने हा फोन केलेला असतो.

या साधनेचे फळ साधारणपणे रात्री नऊपर्यंत टिकते. त्या सुमारास साडूची पत्नी आपल्या बहिणीला फोन करते. या संभाषणात गाडीचा विषय निघत नाही, आईच्या गुडघेदुखीविषयी बोलणे होते आणि गेल्या मे महिन्यात मुले कोणाकडे तीन आठवडे राहिली होती याची सहज आठवण निघते. सख्ख्या बहिणींमधील व्यंजनेला मम्मटाच्या ग्रंथात वेगळे प्रकरण नाही, त्यामुळे प्रस्तुत मार्गदर्शिकेचा अधिकार येथे संपतो. गाडी सहसा जाते. ती देताना टाकी भरून द्यावी की निम्मी ठेवावी, याविषयी जाणकारांत मतभेद आहेत.