फुल रेंज तुमची, बहिरा टॉवर सगळ्यांचा

जालना एमआयडीसीतल्या त्या पत्र्याच्या शेडच्या मालकांस,



तुमचं नाव लिहीत नाही. पत्र कुणाला आहे ते तुम्हाला कळेल, आणि तुमच्यासारख्या इतरांनाही. मी मोबाइल टॉवरची देखभाल करणारा फील्ड इंजिनिअर. तुमच्या छतावरचा सिग्नल बूस्टर शोधायला मे महिन्यात मला चार दिवस लागले. तुम्ही तो माझ्यासमोर बंद केलात, चहा पाजलात आणि बाराव्या दिवशी पुन्हा चालू केलात. म्हणून आता चारचौघांत बोलतो.

आमच्या टॉवरच्या एका सेक्टरचा अपलिंक नॉइज, म्हणजे फोनकडून टॉवरकडे येणाऱ्या वाटेवरचा गोंगाट, रोज सकाळी साडेनऊला चढायचा आणि रात्री उतरायचा. टॉवरभोवतीच्या वस्तीतले लोक फोन दाखवायचे, रेंजच्या काड्या भरलेल्या. कॉल मात्र लागत नव्हता, लागला तर पलीकडचा म्हणायचा, आवाज तुटतोय. आम्ही आधी स्वतःचंच घर तपासलं. अँटेनाच्या जंपर केबलमध्ये दोष असेल म्हणून रिगरला, म्हणजे टॉवरवर चढणाऱ्या पोराला, 40 मीटर वर चढवलं. मे महिन्यात जालन्यात सकाळी दहालाच टॉवरची शिडी हाताला चटके देते. जंपर बदलला, फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी तोच पोरगा कनेक्टर उघडून बघायला पुन्हा चढला. वर दोष नव्हताच. कमरेला पट्टा बांधून त्याने जीव धोक्यात घालून केलेले ते दोन चढ मी तुमच्या खात्यावर मांडले आहेत.

चौथ्या दिवशी तुमच्या भागातली लाइट गेली आणि त्याच मिनिटाला नॉइज खाली बसला. लाइट आली, पुन्हा उभा राहिला. मग दिशा शोधणारी यागी अँटेना आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर घेऊन गल्लोगल्ली फिरलो. तुमच्या पत्र्यावर माशाच्या काट्यासारखी अँटेना होती, थेट आमच्या टॉवरकडे तोंड करून.

तुम्ही म्हणालात, "मी सिग्नल वाढवतोय, कमी कुठे करतोय?" त्याचं उत्तर त्या दिवशी घाईत राहिलं. टॉवरचं निम्मं काम बोलण्याचं आणि निम्मं ऐकण्याचं. 4जीवर तुमचा फोन फार तर 200 मिलिवॅटने बोलतो. तो आवाज टॉवरपर्यंत येईतो इतका विरतो की एका वॅटचे 10 लाख कोटी तुकडे केले तर त्यातल्या एखाद्या तुकड्याएवढाच उरतो. तेवढ्यावर आमचा टॉवर माणसाचं बोलणं ओळखतो. नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आकाश ऐकत असतात आणि त्यांना आजूबाजूला रेडिओ शांतता लागते. आमचं ऐकणं तितकं नाजूक नाही, पण शांतता आम्हालाही लागते.

तुमच्या बूस्टरची एक अँटेना पत्र्यावर, दुसरी आत, चार मीटरवर. बूस्टर आवाज जितका वाढवतो त्याहून जास्त आडोसा या दोघींमध्ये हवा. तो नसला की बाहेरचं आत, आतलं बाहेर असं फिरत राहतं. गणपतीच्या मांडवात माईक स्पीकरसमोर आला की जी शिट्टी वाजते, तीच ही. ती माणसाला ऐकू येत नाही, पण टॉवरच्या कानात दिवसभर वाजते. टॉवरचं बोलणं सगळ्यांना पोचतं म्हणून काड्या पूर्ण दिसतात. लोकांचं बोलणं टॉवरला पोचत नाही. बहिरा तो होतो, आणि शिव्या त्याच्याखाली उभ्या असलेल्या मला बसतात.

शिव्यांचं सोडा. वस्तीतल्या एका बाईंच्या सासऱ्यांच्या छातीत दुखत होतं. बाईंनी 108 ला सात वेळा फोन लावला आणि शेवटी शेजाऱ्याच्या रिक्षातून सासऱ्यांना नेलं. म्हातारा वाचला. मी तिथे मान खाली घालून उभा होतो, आणि तुम्ही तुमच्या केबिनमध्ये फुल रेंजवर बोलत होतात.

"माझं छत, माझे पैसे," असंही म्हणालात. छत तुमचं आहे, लहरी तुमच्या नाहीत. परवान्याशिवाय वायरलेस उपकरण बाळगायचं नाही हे 1933 च्या कायद्यापासून या देशात ठरलेलं आहे. मोबाइल बूस्टर परवानाधारक कंपन्यांशिवाय कुणालाही ठेवता, विकता, वापरता येत नाही, हे दूरसंचार विभागाने 2022 मध्ये पुन्हा बजावलं. पण तुम्हाला कायदा कशाला सांगू, तुम्ही जालन्याचे. नळाला थेट मोटार लावून गल्लीचं पाणी ओढणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. त्या माणसाचाही नळ स्वतःचाच असतो.

तुमची अडचण मात्र खरी आहे. चारी बाजूंनी पत्रा, शेजारी रोलिंग मिल, सळयांचे ढीग. लोखंड लहरी परतवून लावतं, आत रेंज येणार कुठून? तुम्ही तक्रार केली होती आणि ती कुणीही न येता "ग्राहक समाधानी" म्हणून बंद झाली, हे मी स्वतः रेकॉर्डमध्ये पाहिलं. ती बंद करणाऱ्यावर माझा तुमच्याइतकाच राग आहे. त्याने एक चक्कर मारली असती तर तुम्ही बूस्टर विकत घेतला नसता. पण त्याने तुमच्याशी केलं तेच तुम्ही वस्तीशी केलंत, त्यांचं म्हणणं पोचूच दिलं नाही.

मोबाइल कंपनीकडून शेडमध्ये अधिकृत अँटेना बसवून घेता येते. तुमच्याकडे वायफाय आहे, त्यावरून कॉल लागतात. तुमच्या फोनमध्ये ती सोय मी तिथेच पाहिली होती, बंद होती.

तुमची तक्रार मी नव्याने उघडली आहे. मंगळवारी सकाळी नऊला येतो. बूस्टरची पिन काढून अँटेना खाली उतरवून ठेवा. मग दोघं मिळून शेडभर फोन घेऊन चालू आणि कुठल्या कोपऱ्यात किती रेंज आहे ते लिहून काढू. रिगरलाही घेऊन येतोय. चहा यावेळी त्याला आधी द्या.

आपला,
टॉवरखालचा माणूस