दळण टाकून येतो

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात कुठल्याही मराठी घरात जाऊन 'जरा निवांत बसा की' असं म्हणून पाहा. माळा आवरायला स्टुलावर चढलेली बाई हातातल्या पितळी डब्यासकट तुमच्याकडे अशी बघेल, की तो डबा कुठे पडणार याचा अंदाज तुम्हाला आपोआप यावा. निवांत बसणं ही सणाच्या दिवसांत करायची गोष्टच नाही. ती सण उरकल्यावर करायची, आणि तीही अंगात ताप असेल तर.

आमच्या ऑफिसला हे मान्य नसावं. एका वर्षी त्यांनी सणासुदीचा ताण कसा कमी करावा यावर ऑनलाइन व्याख्यान ठेवलं. दिवस धनत्रयोदशीचा, वेळ संध्याकाळी साडेसहाची आणि हजेरी सक्तीची. मी मोबाइल फ्रीजवर टेकवून, चिवड्याचे पातळ पोहे परतत ते ऐकलं. व्याख्यात्या बाईंचा आवाज इतका शांत होता की त्यांच्या घरी फराळ विकतचा येत असणार याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. 'डोळे मिटा,' त्या म्हणाल्या, 'आणि खोल श्वास घ्या.' नेमक्या त्याच क्षणी हिने फोडणीत हिरव्या मिरच्या टाकल्या. मी आज्ञाधारक माणूस आहे. त्यानंतरची दहा मिनिटं मी, ही आणि आई असे तिघंही आळीपाळीने ठसकत होतो, शेजारच्या काकूंनी पाणी हवं का म्हणून दाराशी येऊन विचारलं, आणि पोह्यांनी तेवढ्यात आकसून घेतलं.

बाईंचा दुसरा उपाय होता, 'नाही' म्हणायला शिका. मी त्याच आठवड्यात शिकलो. आईला म्हटलं, यंदा अनारसे नकोत. तीन दिवस तांदूळ भिजवा, रोज पाणी बदला, पंचावर पसरा, कुटा, गुळात मळून मुरवत ठेवा, आणि एवढं करून तुपात सोडल्यावर तो हसला, म्हणजे विरघळून कढईभर पसरला, की घरातलं दुसरं कोणी दिवसभर हसत नाही. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'बरं. मग मी एकटीच करते.' मराठीत याहून भयंकर वाक्य असल्यास मला ठाऊक नाही. त्या वर्षी अनारसे नेहमीच्या दुप्पट झाले.

शाळेत आपल्याला ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शिकवतात. ऊर्जा निर्माण करता येत नाही, नष्टही करता येत नाही. माझ्या मते हा नियम दिवाळीतल्या घराकडे बघूनच सुचलेला असावा. घरातला एकूण ताण ठरलेला असतो. त्यातला एकाने आपल्या डोक्यावरचा उतरवला, की तो तसाच दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसतो, आणि हा दुसरा शंभरातल्या नव्वद घरांत बाई असतो. मी सोफ्यावर पाय पसरले की स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज वाढतो. पाय खाली घेतले की कमी होतो. हवं तर प्रयोग करून पाहा.

बाहेरगावी जाणं हा एक उपाय सांगतात. तो करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण त्यांचा ताण आमच्या आधी सुरू होतो. पूर्वी रेल्वेचं आरक्षण 120 दिवस आधी खुलं व्हायचं, म्हणजे दिवाळीची धाकधूक आषाढाच्या आगेमागे लागायची. 1 नोव्हेंबर 2024 पासून ही मुदत 60 दिवसांवर आली. सणासुदीचा ताण एका सरकारी आदेशाने थेट निम्मा झाल्याचं माझ्या पाहण्यातलं हे एकमेव उदाहरण. सकाळी आठला तिकिटं उघडतात आणि चहा निवेपर्यंत वेटिंग सुरू होतं, हे मात्र तसंच आहे.

आपल्या पूर्वजांना ताण कळत नव्हता असं नाही. नरकचतुर्दशीची आंघोळच पाहा. कोमट सुगंधी तेलाने अंग रगडायचं, उटणं लावायचं, कढत पाणी घ्यायचं. हेच सगळं मंद दिव्यात आणि बासरीच्या संगीतात केलं तर लोक हजारो रुपये मोजतात. फक्त पूर्वजांनी ते पहाटे साडेचारला ठेवलं, आणि उशीर केलात तर नरकात जाल अशी तळटीप जोडली. एक बाथरूम, पाच माणसं आणि सूर्योदयाची मुदत. बाहेर कोणीतरी पहिला फटाका आपलाच वाजावा म्हणून चारलाच सुतळी बॉम्ब लावतो. तेलाने सैल झालेले खांदे पुन्हा कानाला जाऊन भिडतात.

म्हणून माझं ठाम मत असं, की सणातली विश्रांती उघड उघड घेता येत नाही. ती कामाच्या वेशात आली पाहिजे. आकाशकंदिलाची वायर तपासणं हा जुना वेश आहे आणि आता तो फारसा चालत नाही, कारण वायर तपासायला दीड तास लागत नाही हे मुलांनाही कळतं. दिवाळी अंक हा त्याहून सभ्य वेश. का. र. मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा त्यांच्या मनात साहित्यसेवा असणार, पण मराठी पुरुषाला तोंडासमोर धरायला दोनेकशे पानांची आडोशाची भिंत मिळाली ती तेव्हापासून. एक अडचण आहे. अंक हातात असला तरी माणूस बसलेला असतो, आणि बसलेल्या माणसाला 'जरा ते वरचं काढून द्या' असं म्हणता येतं.

खरी जागा आहे पिठाची गिरणी.

चकलीची भाजणी म्हणजे आमच्या घरच्या प्रमाणात तांदूळ, त्याच्या निम्मी हरभऱ्याची डाळ, तिच्या निम्मी उडदाची, मूठभर मूग, धणे, जिरे. सगळं धुऊन, सावलीत वाळवून, एकेक वेगळं भाजलेलं. हा डबा आणि लाडवांच्या भाजलेल्या डाळीचा दुसरा डबा घेऊन मी डोंबिवलीतल्या आमच्या गल्लीच्या टोकाला जातो. निघताना आईच्या सूचना असतात. 'भाजणी गव्हावर दळू देऊ नकोस, तांदळावर घ्यायला सांग. बारीक हवी. लाडवाची डाळ रवाळ. आणि उलटं केलंस तर घरी येऊ नकोस.' गिरणीवाल्याला हे सगळं आधीच पाठ असतं. तो वर्षभर आमच्या घरात न येता आमच्या घराचं राजकारण जाणून आहे.

आत शिरलं की पट्ट्याची घरघर तळपायातून वर चढते. खिडकीच्या गजांवर, कोळिष्टकांवर, कॅलेंडरमधल्या देवांवर, सगळ्यांवर पिठाचा सारखा थर. गिरणीवाला वरच्या चाड्यात दाणे ओततो, मधूनच लाकडी ठोकळ्याने पत्र्यावर दोन टोले देतो आणि खाली कापडी बाहीतून ऊन पीठ डब्यात येतं. ते पीठ तो चिमटीत घेऊन बघतो. डोळे मिटून बघतो. व्याख्यानातल्या बाईंना जे जमवायचं होतं ते मी तिथे पाहिलं. फोन खिशात थरथरतो, पण सगळी गिरणीच थरथरत असल्यामुळे तो आपला की पट्ट्याचा हे ओळखायचं काही साधन नसतं.

पोत्यांवर आमच्याच वयाचे तीन-चार गृहस्थ बसलेले असतात. कोणी बोलत नाही, कारण ऐकू येत नाही. आठ-अठ्ठावीसच्या लोकलमध्ये चौथ्या सीटच्या चार इंचांसाठी एकमेकांचे पूर्वज काढणारी ही माणसं. इथे पाळी आली की हाताने खूण करतात, 'तुमचं होऊ द्या आधी, मला घाई नाही.' समोरचा मान हलवतो, 'छे छे, तुमचं.' मी एकदा एक किलो ज्वारी घेऊन आलेल्या माणसाला पाच जणांना पुढे सोडताना पाहिलं आहे. दळून झाल्यावरही उठता येत नाही. पीठ ऊन असताना झाकण लावलं तर वाफ धरते, म्हणून ते निवेपर्यंत थांबावं लागतं. हा नियम ज्याने केला त्याचा पुतळा उभारायला हवा.

मागच्या दिवाळीला ही शोधत आली. मी फोन उचलत नव्हतो आणि घरी चकलीचा सोऱ्या धरायला माणूस नव्हता. दारात उभी राहून तिने पोती पाहिली, पोत्यांवरचे नवरे पाहिले, झाकण उघडं टाकलेला डबा पाहिला. काही बोलली नाही. बोलली असती तरी ऐकू आलं नसतं. माझ्या शेजारी पोत्यावर जागा होती, तिथे ती बसली. थोड्या वेळाने गिरणीवाल्याने खुणेने आमची पाळी आल्याचं सांगितलं, तर तिने हात हलवून मागच्याला पुढे सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, 'अहो, लाडवाचं पीठ कमी पडेलसं वाटतंय. मी जाऊन येते. तुम्ही सोऱ्या फिरवा.' भाजणीचं पीठ घट्ट असलं तर सोऱ्या फिरवणं म्हणजे काय, हे ज्याने फिरवलाय त्यालाच विचारावं. माझ्या पंधरा चकल्यांपैकी नऊ आईने तेलात सोडण्याआधीच परत पिठात टाकल्या. ही दोन तासांनी आली, भुवया पांढऱ्या. 'गर्दी होती,' म्हणाली. मुलगी क्लासहून येताना गिरणीवरूनच आली होती. तिने सांगितलं की गिरणीत आई सोडून कोणीच नव्हतं, आणि दळण होतं दीड किलो.

आईने तळणीचा झारा बाजूला ठेवला, पदराने कपाळ पुसलं आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

'थालीपिठाची भाजणी राहिलीच आहे,' ती म्हणाली. 'उद्या मीच घेऊन जाते. बसायला पोतंच आहे की खुर्ची?'