बोट कशाला? चालत जाता येतं!

किनारेकाका तुमच्याही ओळखीत आहेत. सहल ठरली रे ठरली की जे नकाशा काढून बसतात, टूरवाल्याच्या माहितीपत्रकावर लाल पेनाने खुणा करतात आणि ज्या गोष्टीला पैसे पडतात ती फुकट कुठून करता येईल हे शोधून काढतात, ते. आमचे किनारेकाका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. आयुष्यभर पाणी अडवलं, आता पाण्यात उतरायची हौस. खरं नाव सांगत नाही, कारण ते वाचतात आणि लगेच फोन करतात.

सोसायटीतली आम्ही चार कुटुंबं अंदमानला निघालो, तेव्हा काकांनी बिनविरोध निवडून आल्यासारखा स्नॉर्कलिंगचा विभाग ताब्यात घेतला. स्नॉर्कलिंग म्हणजे तोंडात नळी, डोळ्यांवर काच आणि मान पाण्यात. प्रवाळ बघायचे, मासे बघायचे. टूरवाला म्हणाला, बोटीने नेतो. काका म्हणाले, "बोट कशाला? चालत जाता येतं!"

हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकलं की झोपेत कूस बदलतानाही ऐकू यायचं.

हॅवलॉकचा, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपाचा, एलिफंट बीच घ्या. शहाणी माणसं धक्क्यावरून बोटीत बसतात आणि थोड्या वेळात पोचतात. पण राधानगरच्या रस्त्यावरून जंगलातून एक पायवाटही तिकडे जाते, आणि काकांना ती सापडली होती. चिखल, मुळं, डास, घसरगुंडी. पूर्वी इथे लाकडं ओढायला हत्ती होते म्हणे. त्या वाटेवर हत्तीची उणीव आम्हाला पावलोपावली जाणवली. किनाऱ्यावर पोचलो तर बोटीने आलेली मंडळी कोरडी ठणठणीत, नारळपाणी पीत बसलेली. वर त्यांच्या भाड्यात मास्क आणि पाण्यातली छोटी फेरी धरलेली, आम्हाला मास्क वेगळे भाड्याने घ्यावे लागले. काकांनी हिशेब केला आणि तो कोणाला दाखवला नाही.

राधानगरला तरी फोटो काढू, असं बायकांनी ठरवलं. 'टाइम' साप्ताहिकाने २००४ साली ज्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं, तो हा. काकांनी एक नजर टाकून निकाल दिला : "नुसती वाळू. माशाने इथे यावं कशाला? प्रवाळाला पकडायला खडक लागतो." किनारा निवडायचे त्यांचे निकष ठरलेले. खडक जवळ हवा, खडकापर्यंत जायला मधे वाळूची पट्टी हवी, वाऱ्याची बाजू नको, बोटींची ये-जा नको आणि मगरीची पाटी असेल तर पुढची चर्चाच नको. (पाटी उगीच लावलेली नसते. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत.) एवढं सगळं जुळणारी जागा त्यांनी घरी बसूनच हेरली होती : नील बेटावरचं भरतपूर. या बेटावर भरतपूर, सीतापूर, लक्ष्मणपूर अशी सगळी रामायणातली वस्ती. भरतपूर धक्क्याला लागूनच, प्रवाळही जवळ. चालत जाता येतं, हे वेगळं सांगायला नको.

आता इथे पंचांग आलं.

कोकणातला जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. काकांना पाउणकी तोंडपाठ. आम्ही नीलवर होतो तो दिवस दत्तजयंतीचा, म्हणजे पौर्णिमा. "पंधरा पाउणे सव्वा अकरा!" काकांनी नाश्त्याला जाहीर केलं. "सव्वा अकराला पूर्ण भरती. घाई करू नका, पोहे खा. एक वाजेपर्यंत पाणी छातीएवढं मिळणार."

आम्ही दोनदा पोहे खाल्ले आणि साडेबाराला भरतपूरला पोचलो. समुद्र निघाला होता. जिथे छातीएवढं पाणी मिळायचं तिथे घोटे भिजत होते आणि प्रवाळांची टोकं वर येऊन ऊन खात होती. काचेच्या तळाच्या बोटीवरचा बंगाली पोरगा म्हणाला, "अंकल, पानी तो सुबह था." पाउणकीचा हिशेब मुंबई-कोकणच्या किनाऱ्याचा, पोर्ट ब्लेअरकडे त्याच तिथीची भरती दीड-दोन तास आधीच येऊन जाते. समुद्राने दत्तजयंती पाळली, पण स्थानिक वेळेनुसार. तो पोरगा पुढे म्हणाला, जास्त पाण्यात बोटीने सोडतो. आमच्यातला एक जण काकांच्या आवाजात ओरडला, "बोट कशाला? चालत जाता येतं!" आणि त्या दिवशी खरोखरच समुद्रात चालत जाता येत होतं.

सगळे हसले आणि दोन पोरं चपला घालून निघालीसुद्धा. तेव्हा काका ओरडले. हे ओरडणं वेगळं होतं. "पाय ठेवू नका! जिवंत आहे ते!" दगडासारखं दिसलं तरी तो प्राण्यांचा वाडा आहे, एका चपलेखाली कित्येक वर्षांची वाढ मोडते, हे त्यांनी भर उन्हात उभं राहून सांगितलं आणि पोरांना माघारी आणलं. काकांची वाळूची पट्टी कशासाठी, ते मला तेव्हा कळायला लागलं. अर्धंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पोराने सांगितलेल्या वेळेला गेलो. काकांनी मिशीला व्हॅसलीन फासलं, कारण मिशीतून मास्कमध्ये पाणी शिरतं. काचेवर आतून थुंकले, कारण त्याने वाफ धरत नाही. हे त्यांनी चारचौघांत एवढ्या मोठ्या आवाजात समजावलं की शेजारचं नवपरिणीत जोडपं चार हात लांब सरकलं. मग वाळूच्या पट्टीतून ते छातीएवढ्या पाण्यात गेले, मान खाली घातली आणि तसेच उभे राहिले. पोपटमासा प्रवाळ कुरतडतो त्याचा कुरकुर आवाज पाण्याखाली ऐकू येतो. तो मीही ऐकला, त्यांनी खुणेने बोलावलं म्हणून. ती कुरतड पोटातून बारीक वाळू होऊन बाहेर पडते आणि अशा किनाऱ्यांवरची बरीचशी पांढरी वाळू म्हणजे तेच, ही माहिती मात्र त्यांनी जेवणाच्या ताटावर दिली.

"ते पुढे का जात नाहीत हो?" मी काकूंना विचारलं. काकू टॉवेल पिळत म्हणाल्या, "पोहता कुठे येतं त्यांना!"

म्हणजे वाळूची पट्टी, आडोसा, कुठून उतरायचं आणि कुठून बाहेर यायचं, हे सगळं एका न पोहणाऱ्या, घाबरलेल्या माणसाने शोधलेलं होतं. पायाला जमीन हवी आणि ती जमीन प्रवाळाची नको, एवढ्यासाठी सगळा अभ्यास. आणि आम्ही? पोहता न येणारे आम्हीही होतो. एलिफंट बीचवर आम्हाला ट्यूबमध्ये घालून एका मुलाने खोल पाण्यावरून ओढत नेलं. आम्ही मासे पाहिले की मोबाइलकडे पाहिलं ते आठवत नाही, पण फोटो उत्तम आले. 'पोहता येत नसलं तरी चालेल' असं माहितीपत्रकात छापणाऱ्याने पाण्याचा विचार कधी केलेला नसतो. काकांनी दुसरं काही केलेलं नाही. भरतपूरच्या एका समुद्रफुलात राहणारं निमोचं जोडपं कितव्या खडकाशी आहे, हे ते आजही सांगतात. कोणी विचारलं नाही तरी सांगतात.

आता लक्षद्वीपचं चाललं आहे. तिथे खाजणाचं शांत पाणी थेट किनाऱ्याला लागतं, त्यामुळे काका हर्षोत्फुल्ल आहेत. फक्त कोचीहून तिथवर चालत जाता येत नाही, हे त्यांनी अजून पूर्ण मान्य केलेलं नाही.

पोहता येत नसेल आणि मासे बघायचे असतील, तर किनारेकाकांना सोबत घ्या आणि ते दाखवतील तिथेच उतरा. भरतीची वेळ तेवढी तिथल्या बोटवाल्याला विचारा.