शून्य युनिट

माणसाने स्वतःबद्दल काय वाटून घ्यावं याला मर्यादा नसते. लिहिणाऱ्या माणसाला तर नसतेच. आपण करदाते, मतदार, सुजाण नागरिक, शिवाय अधूनमधून छापून येणारे. तेव्हा आपल्या जाण्यायेण्याची नोंद सरकारदरबारी कुठेतरी असणारच, अशी माझी पक्की समजूत. ही हवा रेल्वेच्या एका गुणाकाराने काढून घेतली. फाटकाच्या जागी उड्डाणपूल हवा की नको, हे वर्षानुवर्षं टीव्हीयू नावाच्या आकड्यावर ठरत आलं आहे. दिवसभरात फाटकावरून जाणाऱ्या आगगाड्या गुणिले रस्त्यावरची वाहनं. उत्तर लाखावर गेलं, की रेल्वे आणि राज्य सरकार यांनी निम्मा-निम्मा खर्च उचलायचा. शंभर गाड्या, हजार वाहनं, की पुलाला पात्र. यात मोटार एक, बैलगाडी एक, टांगा एक, रिक्षा अर्धी. आणि पायी चालणारा? त्याला या गुणाकारात जागाच नाही.

म्हणजे मी फाटकाशी चालत आलो तर शून्य. तोच मी रिक्षात बसलो की अर्धा होतो, आणि कुणी बैलगाडीत घेतलं तर सबंध एक, अर्थात बैलांच्या पुण्याईवर. हा हिशेब एकदा डोक्यात शिरला की निघत नाही. गणपतीची मिरवणूक घ्या. बाप्पाचा ट्रक एक. पुढचं अख्खं ढोलपथक, झांजा, ध्वज आणि बेभान नाचणारी गल्ली मिळून शून्य. वरातीत नवरदेवाची मोटार एक, वऱ्हाडी शून्य, आणि मानपान मात्र सगळा वऱ्हाड्यांचा. आता कल्पना करा, आषाढीची पालखी फाटकावरून चालली आहे. रथाला बैल जुंपलेले, म्हणून रथ एक. मागून लाखभर वारकरी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, टाळमृदंग, दिंड्यांमागून दिंड्या. बेरीज अजून एकच. विठ्ठलाच्या हिशेबात उलटं असावं, पण पुलाचा खर्च विठ्ठल देत नाही.

यावर म्हणतील, हा हिशेब गाड्यांच्या पुलासाठीच आहे, त्यात पादचारी कशाला? बरोबर. पण पूल झाला की फाटक बंद होतं, आणि बंद होतं ते सगळ्यांसाठी. फाटक ठेवा असं मी म्हणत नाही. दिवा स्थानकाजवळच्या फाटकापायी मुंबईच्या लोकल खोळंबत आल्या, आणि हजारो माणसांना रोज लेटमार्क देणारी वाट टिकवण्यात शहाणपण नाही. पण फाटकावर माणूस आणि रस्ता एका पातळीवर असतात. भाजीची पाटी डोक्यावर घेतलेली म्हातारी घंटा थांबेपर्यंत उभी राहते, दांडा वर जातो, आणि ती सरळ पलीकडे जाते. तिला पादचारी पूल दिला की विजेच्या तारांवरून जायचं म्हणून सहा मीटरच्या वर चढायचं आणि तेवढंच उतरायचं. खालून न्यायचं तर डोक्याला अडीच मीटर पुरतात, म्हणजे जिने निम्म्यावर येतात. सबवेत पाणी भरतं, हा आक्षेपही खराच. मिलन आणि अंधेरी सबवेचं नाव पावसाळ्यात बातम्यांतूनच कळतं. पण पाणी उपसायला पंप असतात. गुडघे उपसायचा पंप अजून निघालेला नाही.

पातळीचं महत्त्व यंत्रणांना कळत नाही असंही नाही. अंधेरीचा नवा गोखले पूल २६ फेब्रुवारी २०२४ ला अंशतः खुला झाला, तेव्हा रेल्वेच्या वाढीव उंचीच्या अटीमुळे तो शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलापेक्षा साधारण दीड मीटर वर निघाला. केवढा गहजब झाला! वर्तमानपत्रं हसली, मीही हसलो. मग जॅक लावून बर्फीवाला पूल उचलला आणि जुलैत दोघांची गाठ घालून दिली. मोटारींसाठी दीड मीटरची तफावत ही लाजिरवाणी चूक. म्हातारीसाठी सहा मीटरची तफावत असली तर तिला आपण जिना म्हणतो, आणि जिन्याचं उद्घाटन करतो. तिथे कुणी जॅक आणत नाही. आणि गुडघ्यांना कंटाळून ती रुळांवरून गेलीच, तर रेल्वे कायद्याचं कलम १४७ आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. मोजणीत शून्य असलेली बाई दंडाच्या पावतीवर मात्र सबंध एक होते. इथे मला हसू येत नाही.

तेव्हा पुढच्या मोजणीला फाटकाशी वही घेऊन जो कुणी बसेल, त्याला एक विनंती. अर्धा मागत नाही, तो रिक्षाचा हक्क आहे. आम्हा चालणाऱ्यांना माणशी पाव लिहा. आणि त्या म्हातारीचा पाव आधी लिहा, माझा राहिला तरी चालेल.