धातूचे लोक, मातीची माणसं

चिनी पंचतत्त्वांत आकाशाला जागा नाही, वायूलाही नाही. लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी, एवढाच संसार. जन्मसालाचा शेवटचा आकडा पाहायचा: 0 किंवा 1 असेल तर धातू, 2-3 पाणी, 4-5 लाकूड, 6-7 अग्नी, 8-9 माती. (चिनी नववर्ष जानेवारी-फेब्रुवारीत येतं, तेवढी वजाबाकी करून घ्यावी.) मग करिअर सल्लागार सांगतात: धातूवाल्यांनी बँकेत जावं, मातीवाल्यांनी बांधकामात, अग्नीवाल्यांनी हॉटेल काढावं. म्हणजे 1990 सालची अख्खी बॅच बँकेच्या परीक्षेला!

सचिन तेंडुलकर 1973चा, म्हणजे पाणी. त्याने जहाजावर जायला हवं होतं. पण हातात घेतलं लाकूड. सल्लागार डगमगत नाही. पाणी लाकडाला पोसतं, असं चक्रच आहे ना! आणि पोसत नसतं, तर धातू लाकडाला कापतो, हे दुसरं चक्र तयार असतं. दोन चक्रं हाताशी असली की पाचांतलं कुठलंही तत्त्व कुठल्याही धंद्याला बसवता येतं.

लू श्युन या चिनी लेखकाच्या 1921 मधल्या एका कथेत एका पोराच्या पत्रिकेत माती कमी पडते. बाप उपाय म्हणून नावातच माती घालतो. उपाय लागू पडतो, अगदी पुरेपूर: पोरगा जन्मभर शेतात राबतो आणि कंगाल होतो. कारणंही कथेत दिलेली आहेत. पोरांचं लटांबर, दुष्काळ, कर, शिपाई, दरोडेखोर, अधिकारी. यांतला अधिकारी कुठल्या तत्त्वाचा, ते कोष्टकात सापडत नाही.